अकरा स्क्रू

गाडीच्या इंजिनाखाली एक काळं प्लास्टिकचं कव्हर असतं. रस्त्यावरचं पाणी अन् चिखल उडून वर जाऊ नये म्हणून. ऑइल बदलताना ते काढायचं आणि काम झालं की परत लावायचं. अकरा स्क्रू! तेही उताणं पडून, डोळ्यांत माती घेत. वीस वर्षं मेकॅनिक आहे मी, जुन्या गाड्यांना ते परत लावल्याचं मला आठवत नाही. गिऱ्हाइकाने विचारलंच तर म्हणायचं, "अहो, इंजिनाला जरा हवा लागू द्या." विचारतंय कोण म्हणा.

धाकट्या बहिणीच्या गाडीचंही असंच काढलं. ती शाळेची मुलं ने-आण करते. कव्हर छान खोलगट होतं, म्हणून त्यात नट-बोल्ट डिझेलात भिजत घालायला लागलो. आयतं ताट मिळालं.

मंगळवारी चौकातल्या वीतभर पाण्यातून तिची गाडी गेली आणि पलीकडे बंद पडली. आत सात मुलं. बंद पडायची महिन्यातली ही दुसरी खेप. पहिल्या खेपेला मी बॅटरीवर ढकललं होतं आणि शाळेने तिला बजावलं होतं, पुन्हा असं झालं तर काम दुसऱ्याला देऊ. तिचं घर त्याच कामावर चालतं.

गाडी ओढून आणली, बोनेट उघडलं. बेल्ट चिखलाने बरबटून निसटलेला. कशामुळे, ते मला न शोधताच कळलं.

"माझंच चुकलं ना रे दादा? जोरात नेली का मी?" ती म्हणाली.

हो म्हटलं असतं तर विषय मिटला असता. चोर सोडून संन्याशाला फाशी. जिभेवर आलंही होतं.

"काय बिघडलं ते लिहून दे. शाळेच्या मोठ्या बाईंना मेकॅनिकचं लेखी हवंय," तीच पुढे म्हणाली.

मला स्वतःचीच लाज वाटली. कागद ओढला आणि लिहिलं, 'चालवणारीची चूक नाही. खालचं कव्हर मी काढलं, परत लावलं नाही. म्हणून चिखल आत गेला.' शिक्का मारला.

तिने वाचलं. मग त्या नट-बोल्टांच्या ताटाकडे बघितलं.

"हेच का ते?"

"हो."

"बरं," म्हणाली आणि कागदाची घडी घालून गेली. त्यापेक्षा भांडली असती तर बरं झालं असतं.

शाळेने तिचं काम काढून घेतलं नाही. अट एकच घातली, मेकॅनिक बदला.

गुरुवारी तिची गाडी समोरच्या गॅरेजात लागली. थोड्या वेळाने तिथला मेकॅनिक रस्ता ओलांडून आला. "ताईंचं कव्हर तुमच्याकडे आहे म्हणे."

मी ताट रिकामं केलं, साबणाने धुतलं, पुसलं. जुने स्क्रू सहाच सापडले, पाच नवे घातले आणि सगळं त्याच्या हाती दिलं. समोर जाऊन तो गाडीखाली शिरला. ती शेजारी उभी होती, माझ्याकडे पाठ करून. मी दारातून मोजत राहिलो.

अकराच्या अकरा लावले त्याने.