करड्या पट्टीमागची लेन्स

मित्रांनो, मी एक जुनी लेन्स आहे. वय जेमतेम तीन वर्षे, पण अंगावर ओरखडे बरेच.

मला बोर्डीच्या मयुराने घडवले. दोन काचा आणि मध्ये द्रवस्फटिकाचा, म्हणजे लिक्विड क्रिस्टलचा, केसाहून पातळ थर. आतला लेप तिने मखमलीने एकाच दिशेने घासला, म्हणून माझे रेणू त्या दिशेने ओळीत पहुडतात. वीज मिळाली की ते उठू लागतात, कडेला जास्त, मध्ये कमी. आणि माझा नंबर बदलतो. बटण दाबले की जवळचे दिसते, सोडले की लांबचे.

मुंबईच्या प्रयोगशाळेत माझे फार कौतुक झाले. पण तिथल्या दिव्यापुढे एक करडी पट्टी चिकटवलेली होती. तिच्यातून एकाच दिशेने कंप पावणारा प्रकाश येई, आणि मला तेवढाच वळवता येतो! दोन वर्षे ती पट्टी कुणी काढली नाही. मला तोंड असते तर मी ओरडले असते.

मग चष्म्यात बसवून मयुराने मला आणि माझ्या जुळ्या बहिणीला बोर्डीशेजारच्या झाईच्या किनाऱ्यावर नेले. तिथे जयवंतीकाकी जाळी सांधतात. जवळचा चष्मा घातला की येणारी होडी दिसत नाही, काढला की दोरा दिसत नाही. हे जमले नाही, तर त्यांचा पुतण्या भिका यंदा जाळी दुसरीकडे देणार होता.

काकींनी बटण दाबले.

"दोरा दिसतो गो. पण मागं त्याचं भूतपण दिसतंय."

"काकी, नीट बघा ना."

"नीटच बघते! चाळीस वर्षं बघते."

"मुंबईहून भूत आणलंस काय?" भिका हसला.

मयुराने तारा तपासल्या, बॅटरी तपासली, काकींचे डोळेही तपासले. संशय सगळ्यांवर, प्रयोगशाळेतल्या पट्टीवर नाही! इथे उन्हात सगळ्या दिशांचा प्रकाश, त्यातला निम्मा माझ्यातून न वळताच जाई, तेच ते भूत. मी अगदी कावले.

शेवटी उन्हाला वैतागून काकींनी भिकाचा गॉगल ओढून घेतला आणि आमच्यावरच चढवला. पाण्यावरची चकाकी मारणारा, होडीवरचा गॉगल तो.

"अरे! भूत गेलं!"

मयुराने गॉगल क्षणभर उचलून पाहिला, पुन्हा चढवला. "पट्टी," ती म्हणाली. "गॉगलमध्ये तीच पट्टी आहे. काकी, चूक माझी. मी आडव्या दिशेचा दुसरा थर लावून नवी लेन्स आणते."

"आण सावकाश. तोवर ही देणार नाही. गॉगलपण नाही."

"काकी, माझा गॉगल!"

"जाळी पाहिजेत ना?"

जाळी वेळेवर झाली. नवी लेन्स अजून यायची आहे. तोवर काकी मला खारट पदराने पुसतात, म्हणून हे ओरखडे.

मित्रांनो, मला मऊ कोरडे फडके द्या. आणि माझ्यासारखे काही घडवाल, तेव्हा ते ज्याच्या नाकावर बसणार, त्याच्याकडे आधी न्या. दोन वर्षांनी नको.