सीट जिथल्या तिथे

मला भांडायचं होतं आणि समोरचा माणूस भांडायलाच तयार नव्हता.

चूक माझीच होती, मान्य. सिग्नलला त्याची व्हॅन थांबली, माझी गाडी थांबली नाही. फार काही झालं नाही. त्याच्या बंपरला ओरखडा, माझा एक दिवा फुटला, नंबरप्लेट वाकडी झाली. पण आपल्याकडे एवढ्यावर निदान "डोळे फुटले का?" तरी होतं. चार लोक जमतात, त्यातले दोन तुमच्या बाजूने बोलतात, एक जण उगाच पाणी आणून देतो, आणि कुणीतरी वडीलधारा "जाऊ द्या हो, लागलं नाही ना कुणाला" म्हणून मिटवून टाकतो. इथे तो माणूस उतरला. नळ दुरुस्त करणारा होता, व्हॅनवर हा मोठा नळ रंगवलेला. त्याने त्याच्या भाषेत अगदी हळू आवाजात विचारलं, "बऱ्या आहात ना?" फोटो काढले, माझा नंबर घेतला आणि गेला. मी तोंडाचा पट्टा सोडायला म्हणून श्वास भरून घेतला होता, तो तसाच राहिला. बाजूने गाड्या जात होत्या, एकानेही काच खाली करून बघितलं नाही. भर रस्त्यात इतकं एकटं मला आजवर कधी वाटलं नव्हतं.

आता खरं कारण सांगते. ब्रेकवर माझा पाय वेळेत पोचलाच नाही. पाठीमागची उशी सरकली, तिच्याबरोबर मी मागे गेले आणि पाय राहिला हवेत.

गाडीत उशी कशाला, तर ऐका. मी पाच फुटांना दोन बोटं कमी, आणि नवरा सहा फुटांच्या वर. हार घालताना तो गुडघ्यात वाकला तरी मला टाचा उंचवाव्या लागल्या होत्या. तेव्हापासून नातेवाइकांत आम्ही लंबूटिंगू. इथे आल्यावर दोघांत एकच गाडी घेतली. बहुतेक वेळा तो चालवायचा आणि मी बाजूला बसून सूचना द्यायचे. कधी मी नेली की सीट पुढे ओढून घ्यायचे आणि परत मागे करायला विसरायचे. खरं तर विसरायचे वगैरे काही नाही, कंटाळा. मग दुसऱ्या दिवशी सकाळी हा घाईघाईत आत शिरायचा, गुडघे दाणकन स्टिअरिंगला आपटायचे आणि आख्ख्या पार्किंगला ऐकू जाईल असा ओरडायचा, "टिंगे, सीट जिथल्या तिथे ठेवत जा!"

मग सासूबाई पडल्या. तो तीन आठवड्यांसाठी म्हणून भारतात गेला. त्यांची डावी बाजू गेली होती. उचलायला बाई ठेवली, पण त्या बाईने हात लावला की आई अंग ताठ करतात, आणि लेकाने धरलं की सैल सोडतात. त्याला काही इलाज नाही. त्याचं काम कॉम्प्युटरवरचं, कुठूनही होतं. माझं तसं नाही. मी दातांच्या लॅबमध्ये कॅप आणि कवळ्या करते. लोकांच्या जबड्यांचे साचे समोर मांडून बसायचं आणि मेणाचा एकेक दात कोरायचा. हे काही फोनवरून होत नाही. तीन आठवड्यांचे तीन महिने झाले, मग महिने मोजायचं मी सोडून दिलं. "पुढच्या महिन्यात बघू" हे त्याचं पालुपद, आणि दर वेळी फोन ठेवला की माझी चिडचिड. दिवसभर लॅबमध्ये दुसऱ्यांचे दात, आणि घरी आले की स्वतःचे दातओठ खात बसायचं.

जायच्या दिवशी एअरपोर्टपर्यंत त्यानेच गाडी चालवली. किल्ली माझ्या हातात दिली, बॅग उचलली आणि आत गेला. मी त्याच्या जागेवर बसले. सीटखालच्या दांडीकडे हात गेला, पण ओढवेना. म्हटलं, तीन आठवड्यांचाच तर प्रश्न आहे. आला की बसेल, गुडघे आपटणार नाहीत, जन्मात एकदा तरी "वा टिंगे" म्हणेल. माझी खांद्यावरची बॅग पाठीशी घेतली आणि सीटच्या टोकाला टेकून घरी आले. दुसऱ्या दिवसापासून एक उशी घेतली. तीही पुरेना, मग आणखी एक. ही दुसरी त्याची, पलंगावरची. नाहीतरी तिथे ती रिकामीच पडून असायची, आणि तिच्याकडे बघत झोप लागायची नाही.

अपघात मी गिळून टाकला असता, पण गाडी त्याच्या नावावर, इन्शुरन्स त्याच्या नावावर. घरी येऊन खालच्या पार्किंगमधूनच फोन लावला. तिकडे नुकतं उजाडत होतं.

"काही नाही रे, जरासं घासलं."

"तुला लागलं?"

"छे!"

मग सुरू झालं उंटावरून शेळ्या हाकणं. चारही बाजूंनी फोटो काढ. लांबून काढ. जवळून काढ. दार उघडून आतल्या मीटरचाही एक काढ. मी काढले आणि पाठवून दिले. वर जायला निघाले तोच फोन वाजला.

"सीटवर काय आहे ते?"

कप्पाळ! मीटरच्या फोटोत अर्धी सीट आली होती.

"उशा आहेत."

"त्यातली एक माझी आहे."

"मग? तू आहेस का इथे झोपायला?"

"टिंगे, सीट पुढे का नाही घेतलीस?"

"तूच बोंबलायचास ना, जिथल्या तिथे ठेव म्हणून? ठेवली! आता का बोलतोस?"

वाटलं, चला, आता तरी भांडेल. पण नाही. मागून आईंचा आवाज आला. हल्ली त्यांचे शब्द चिकटून येतात, पण मला कळतात. "काय झालं रे? तिला लागलंय का? दे इकडे." आणि मग मला, "गाडी गेली खड्ड्यात. तू जेवलीस का?" इथली संध्याकाळ त्यांना तिथे पडल्यापडल्या बरोबर ठाऊक असते.

"जेवते आई," मी म्हटलं. सासू खाष्ट असती तर किती सोपं झालं असतं! आज मला भांडायला कुणी मिळतच नव्हतं.

तो फोन घेऊन बाहेर आला. दार लोटल्याचा आवाज आला.

"सीट पुढे घे."

"घेईन उद्या."

"आत्ता घे. मी फोनवर आहे."

"आणि तू आलास की?"

आता म्हणेल "पुढच्या महिन्यात बघू". मी वाट बघितली. ज्या शब्दांनी माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा, ते त्याने एकदा म्हणावेत म्हणून माझा जीव खालीवर होत होता. तो म्हणाला नाही.

"तुला काही झालं असतं तर मी इथून काय करणार होतो?" त्याचा आवाज फुटला. "पुढे घे गं."

मला कळलं. तो येत नाहीये. आई आहेत तोवर तरी नाही. आणि आई असाव्यात, खूप दिवस असाव्यात, असं त्याला वाटतं तसंच मलाही वाटतं. नवऱ्याची वाट बघायची आणि तो लवकर यावा असं देवाकडे मागायचीसुद्धा चोरी.

मी फोन स्पीकरवर टाकला. दोन्ही उशा मागच्या सीटवर ठेवल्या. त्याच्या जागेवर बसून सीटखालची दांडी ओढली. इतके दिवस हलली नव्हती, अडली. दोन्ही पाय रोवून जोर लावला तेव्हा कुरकुरत पुढे आली. पाय ब्रेकवर पुरा टेकला. समोर बॉनेट दिसायला लागलं, फुटलेल्या दिव्याची कड दिसायला लागली. आणि मला रडू कोसळलं.

"रडतेयस?"

"नाही. गंजलीय ती, तिचाच आवाज आहे."

मी नाक पुसलं. बाजूची सीट माझी होती, माझ्या आखूड पायांच्या मापाने पार पुढे घेतलेली. मी आडवी झाले आणि तिच्याखालची दांडी चाचपली.

"आता काय करतेयस?"

"ही मागे घेतेय. यापुढे गाडी मी चालवणार. तू येशील तेव्हा इथे बसायचं. आणि सूचना द्यायच्या नाहीत."

मी दांडी ओढून सीट मागे ढकलली. मग तो म्हणाला, "पूर्ण गेली का मागे?"

"गेली."

"अजून जाते थोडी. दांडी वर उचलून धर आणि ढकल."

मी दांडी उचलून धरली, खांदा लावून ढकललं. सीट आणखी एक घर मागे गेली.

"गेली," मी म्हटलं.

"बास," तो म्हणाला. "आता ती जिथल्या तिथे ठेव."