तिला कळतं

वीज मोजणाऱ्या मीटरचा काटा पुन्हा सरकला, तसे हरिश्चंद्र मास्तर उठले आणि एकेक वायर ओढून पाहू लागले. सगळ्या घट्ट होत्या. विजेच्या शेगडीवर काचेची पट्टी तापत होती. तिच्यावर मास्तरांनी कथिलाच्या ऑक्साइडचा पातळ थर चढवला होता. थर डोळ्यांना दिसत नसे. पण एरवी वीज अडवणारी काच या थरामुळे वीज वाहून नेई. तांब्यासारखी सढळ हाताने नव्हे, कंजूष माणसासारखी, थोडी थोडी. अर्धवाहक म्हणतात ते हेच.

"परत बिघडली काय?" शाळेचा शिपाई दौलत टेबलावर वाकून म्हणाला.

"मागे सर. पोळशील."

डहाणू रोडपासून आत, पाड्यांमधल्या या शाळेत बदलून येऊन मास्तरांना चार वर्षं झाली होती. बायको पहिल्याच वर्षी गेली. लोकांनी दहा दिवस विचारपूस केली, मग ज्याची त्याची वाडी आणि ज्याचं त्याचं भात. संध्याकाळी येऊन बसणारा एकटा दौलत. पाड्यावरच्या भानगडी न विचारता सांगे. त्याचं बोलणं कानावर पडलं की मास्तरांना घरी जाऊन कुलूप उघडायचं बळ येई. हे त्यांनी त्याला कधी सांगितलं नाही. मास्तरकी आड आली.

महिनाभर त्यांनी वहीत लिहिलं. दुपारी काटा स्थिर, संध्याकाळी उडी. मग एका रविवारी दौलत आला नाही आणि काटा जागचा हलला नाही. सोमवारी तो आला, वाकला, काटा पळाला. दौलतच्या तोंडचा ताडीचा आंबूस वास मास्तरांना रोजच येत होता. नाकाला कळलेलं डोक्यात शिरायला महिना लागला, एवढे शहाणे! त्यांनी स्पिरिटची बाटली उघडून पट्टीजवळ धरली. काटा थेट टोकाला गेला. दौलत बघत होता. त्या दिवशी तो लवकर उठून गेला.

असं काही कुणी लिहिल्याचं मास्तरांच्या वाचनात नव्हतं. मुंबईच्या प्रयोगशाळेत ओळखीचे प्राध्यापक होते. हे कळवलं तर तिकडून बोलावणं येईल, या कुलपातून सुटका होईल. त्यांनी पत्र लिहायला घेतलं.

शनिवारी हेडमास्तर प्रयोग पाहायला आले. दारूबंदीचे दिवस. शिमग्यानंतर दौलतने त्यांच्यापुढे शपथ घेतली होती. पुन्हा प्यायला तर नोकरी गेली, असं ठरलं होतं. नेमका तोच पाण्याचा पेला घेऊन आत आला. काटा उडाला. हेडमास्तरांच्या नाकाला तपकिरीपलीकडे काही कळत नसे, पण डोळे धड होते.

"हे कशामुळे झालं?"

दौलत पेल्यासकट दाराकडे मागे सरकला. मास्तरांनी चष्मा काढला, धोतराच्या सोग्याने पुसला, पुन्हा घातला.

"ओल, सर. खाडी जवळ आहे ना. या काचेचा भरवसा नाही."

"मग शाळेची वीज कशाला जाळता?" हेडमास्तर म्हणाले आणि निघून गेले.

घरी येऊन मास्तरांनी अर्धवट लिहिलेलं पत्र चुलीत घातलं; ते गेलं असतं तर काटा कशाने उडतो हे हेडमास्तरांनाही कळलं असतं. त्यांना वाईट वाटलं, फार वाटलं. उगाच दोनदा अंगण झाडलं.

सोमवारी दौलत आला, पण दाराबाहेर बसला, तोंडावर पंचा धरून. दोनच शब्द बोलला.

"आत ये की."

"नको मास्तर. तिला कळतं."

मंगळवारीही तसंच. बुधवारी तो नुसता पायरीवर टेकला आणि लगेच निघायला उठला.

"थांब जरा," मास्तर म्हणाले.

त्यांनी शेगडीची वायर काढली. काच निवेपर्यंत तिच्याजवळ उभे राहिले. मग ती उघड्या बोटांनी उचलून त्यांनी कपाटात ठेवली, आणि दौलतचा बाक फडक्याने पुसला.

"ये," ते म्हणाले. "गार झाल्यावर तिला काही कळत नाही."