कोंडाजीची उजवी बाजू

मित्रांनो म्हणतो खरा, पण तुम्ही कोणी माझे मित्र नाही. तुमच्याही डोक्यात माझ्यासारखे दोघे जन्मभर राबतात आणि तुम्हाला त्यांची खबरसुद्धा नसते. मी चेतापेशींचा एक जुना पुंजका, ज्वारीच्या दाण्याएवढा. डॉक्टर मला सहाव्या मज्जातंतूचे केंद्रक म्हणतात. चाकणजवळच्या कोंडाजी शेतकऱ्याच्या मेंदूच्या देठात मी उजव्या अंगाला बसलो आहे.

उजवीकडे पाहणे हे माझे काम. उजव्या डोळ्याच्या बाहेरच्या स्नायूला मी हुकूम सोडतो. त्याच क्षणी माझा दुसरा निरोप पलीकडे ओलांडून जातो आणि डावा डोळा नाकाकडे वळतो. दोन्ही डोळे जोडीने फिरतात ते असे. डावी बाजू माझा जुळा भाऊ सांभाळतो. चेहरा हलवणारी सातवी नस मात्र मोठी आगाऊ, माझ्या अंगाला वळसा घालूनच पुढे जाते.

चाळीस वर्षे मी नांगरामागे राबलो. कोंडाजी आणि त्याचा धाकटा चुलतभाऊ गेनू यांच्याकडे एकेकच बैल, म्हणून त्यांची सावड होती. दोन्ही बैल एका जुवाखाली जुंपायचे, आधी एकाचे रान नांगरायचे, मग दुसऱ्याचे. गेनूचा बैल उजवीकडे चाले. त्याच्यावर नजर माझी, शाबासकी कोंडाजीला!

१९५६ च्या रब्बीत माझी बारीक रक्तवाहिनी तुंबली आणि मी बंद पडलो. हातपाय धड होते, म्हणून कोणाला संशय आला नाही. पण डोळे उजवीकडे वळेनात. सातवी नसही दुखावली आणि बोलताना तोंड डावीकडे ओढले जाऊ लागले. त्याच दिवशी नांगर वळवताना उजवा बैल भरकटला. कोंडाजीला दिसलेच नाही. फाळ बैलाच्या खुरात घुसला.

गेनू धावत आला, तोही नेमका उजवीकडून.

"माझा बैल रगात गाळतोय, आन् तू बघत बी न्हाईस? वर तोंड वाकडं करून हसतोस?"

"आरं गेनू, म्या कुठं हसलो?"

"मोडली आपली सावड!"

तो बैल सोडून घेऊन गेला. जमिनीतली ओल उडत चालली, दोघांचीही राने तशीच पडली. पेरणी चुकली तर वर्षभर खायचे काय, हे दोघांनाही ठाऊक होते. तरी वाटेत भेट झाली की गेनू थुंकून पुढे जाई. मूर्ख लेकाचे! सगळ्या गावात एकानेही कोंडाजीसमोर बसून त्याचे डोळे नीट पाहिले नाहीत.

शेवटी त्याची बायको सगुणाबाई त्याला ओढतच पुण्याच्या डॉक्टरांकडे घेऊन गेली. डॉक्टरांनी बोट फिरवले. डोळे डावीकडे धावले, उजवीकडे जाताना मध्येच अडकले.

"बाई, यांना उजवीकडे बघताच येत नाही. हा आजार आहे."

परत येताच ती थेट गेनूच्या दारात गेली. "भावजी, एकदा ह्यांच्या डाव्या अंगाला येऊन हुबं ऱ्हावा. मग भांडा."

गेनू कुरकुरतच आला आणि डावीकडे उभा राहिला. कोंडाजीचे डोळे झटकन त्याच्याकडे वळले आणि भरून आले. गेनूने मान खाली घातली.

"दादा, बैलाच्या खुराची जखम भरून आलीय. उद्या आणतो. कासरा मी धरतो."

श्रेय अर्थातच माझ्या डाव्या भावाला! माझा राग अजून गेलेला नाही. पण एवढे ऐका. कोणी तुमच्याकडे पाहत नसेल, तर भांडण्याआधी त्याच्या दुसऱ्या बाजूला जाऊन उभे राहा. आम्हाला तोंड नाही, आमचे दुखणे तुम्हीच ओळखायला हवे.

रोज सकाळी मी सवयीने उजवीकडचा हुकूम सोडतो. डोळा जागचा हलत नाही. गेनू डावीकडून हाक मारतो.