बाराव्या घराचा उंबरा

वेणुक राजा होणार त्या दिवशी नर्मदेच्या दोन्ही काठांवर माणूस मावत नव्हतं. सात वर्षांत त्यानं नदीकाठचे नऊ मुलूख एक केले होते, कुठे लढून, कुठे नुसतं बोलून. आता उरलं होतं ते एवढंच: डोक्यावर अभिषेकाचं पाणी पडायचं.

पण आमच्याकडे कुणी नुसता जिंकला म्हणून राजा होत नाही. आधी त्याला बारा घरी जावं लागतं. सेनापती, सूत, गावाचा मुखिया, रथ करणारा अशी ही बारा माणसं. होणाऱ्या राजानं त्यांच्या उंबऱ्याबाहेर उभं राहायचं आणि आपलं, बापाचं, आईचं नाव सांगायचं. घरधनी ‘ये’ म्हणाला, की त्याच्याच चुलीवर तांदूळ शिजवून अग्नीला द्यायचे. बारांतलं एक घर जरी राहिलं, तरी अभिषेक नाही. आणि हे सगळं सूर्य डोक्यावर यायच्या आत.

अकरा घरं झाली. वेणुक बाराव्या घरापुढे उभा राहिला. रथ करणारा म्हातारा गोभूत अंगणात वाकसानं चाकाचा आरा तासत होता.

“मी वेणुक,” राजा मोठ्यानं म्हणाला, “चंद्रवंशी राजा सोमदत्ताचा पुत्र, राजकन्या चंद्रलेखेचा पुत्र.”

गोभूतनं मान वर केली नाही. “नाही ओळखत बाबा. दुसरं घर बघ.”

मागे लोक हसले.

“आजोबा, मी वेणुक! माझा रथ तुम्हीच केलात ना?”

“तो मी तुडिक नावाड्याच्या पोराला दिला. भेटला तर सांग त्याला, भात खायला ये म्हणावं.”

सूत पालित धावत पुढे आला. वंशाच्या कथा गाणं हे त्याचं काम. “गोभूतबाबा, असं करू नका हो! चंद्रापासून चाळीस पिढ्या रचायला मला अख्खा पावसाळा लागला!”

“मग पावसाळाभर झोपला असतास तर बरं झालं असतं.”

पालितानं राजाच्या कानाला तोंड लावलं. “महाराज, डोंगराचा नायक ऋक्षक तिकडे घोड्यावर बसलाय. त्याच्यामागे ऐंशी धनुर्धारी आहेत. नावाड्याच्या मुलापुढे तो वाकायचा नाही. म्हणून तर हा चंद्र आणला आपण. म्हाताऱ्याला दोन गाई द्या, ऐकेल.”

“गाई द्या की हत्ती द्या,” गोभूत म्हणाला. त्याचे कान अजून तिखट होते. “चाकाला आरे कितीही घाला. मधे तुंबाच नसेल तर ते आरे बसवायचे कशात?”

वेणुकनं गर्दीत पाहिलं. त्याची आई सिवली अगदी मागे, पाणी भरणाऱ्या बायकांत उभी होती. चंद्रवंशी राजाची आई राजकन्या हवी, म्हणून पालितानं तिला तिथे उभं केलं होतं. नवरा बुडाल्यावर बारा वर्षं हिनंच नाव चालवली, आणि त्याच नावेतून पुढे वेणुकचं सैन्य नदी उतरलं. आज ती टाचा उंचावून मुलाला बघत होती.

वेणुकनं डोक्याचा मुकुटपट्टा सोडून पालिताच्या हातात दिला.

“मी वेणुक. तुडिक नावाड्याचा मुलगा. सिवलीचा मुलगा.”

ऋक्षकानं घोडा वळवला. “नावाड्याच्या पोरापुढे मी मान लववू?” असं ओरडून तो निघालाच. ऐंशी धनुर्धारी त्याच्यामागे.

“अडवा त्याला!” पालित किंचाळला.

“जाऊ दे,” वेणुक म्हणाला. “नदी उतरायला त्याला नाव कुणाची लागणार आहे?”

आधी नावाडी हसले, मग सैनिक, मग बाकीचे नायकही. हसणारा माणूस तेवढ्यात रागावून उठत नाही. एकही नायक जागचा हलला नाही.

गोभूतनं वाकस खाली ठेवला. “ये. आता ओळखलं.”

तांदूळ शिजले, अग्नीला दिले. मग पुरोहितानं घसा खाकरला. “राजा, मागची अकरा घरं खोट्या नावानं झाली. ती धरता येणार नाहीत.”

“मग पुन्हा जातो.”

“सूर्य बघ कुठे आलाय!”

“मग पळत जातो.”

आणि आमचा राजा खरंच पळाला. गल्लीगल्लीतून, उपरणं सावरत, मागे पुरोहित धापा टाकतोय, त्याच्यामागे तांदळाची टोपली घेऊन पालित. सेनापतीच्या दारात वेणुकला धड बोलवेना. “ये,” सेनापती म्हणाला, “आणि आधी पाणी पी.” गावाच्या मुखियानं तर चूल पेटवूनच ठेवली होती. बातमी राजाच्या पुढे पळत होती.

सूर्य डोक्यावर यायला बोटभर राहिलं असताना अकरावं घर झालं.

अभिषेकाचा घडा उचलून पुरोहित ओरडला, “लोकहो, हा वेणुक! तुडिकाचा पुत्र, सिवलीचा पुत्र! हा तुमचा राजा! याचा वंश तो सिवलीपुत्रांचा वंश!”

सिवली घाबरून मागे सरकायला लागली. गोभूतनं तिला खांद्याला धरून पुढे ढकललं.

“आता कुठे चाललीस गं? तुझंच नाव घेतायत ते.”