केक आला आणि मी गप्प झाले

मी एक पेटी बोलतेय. बोलतेय म्हणजे आज पहिल्यांदाच. एरवी मी सूर धरते आणि तोंड उघडायचं काम माणसांवर सोडते. कराओकेची पेटी आहे मी. पोटात नाणं पडलं की माझ्या पडद्यावर गाण्याचे शब्द उमटतात, आणि माईक हातात घेऊन माणूस मोकळा होतो. गाणं संपलं की मी त्याला शंभरपैकी मार्क देते. ते कशावरून देते, हे खरं सांगायचं तर माझं मलाही नीट ठाऊक नाही. जो जोरात गातो त्याला जास्त, एवढं लोकांनी ओळखलंय.

माझा जन्म सेबू शहराच्या बंदरामागे एका सुताराच्या दुकानात झाला. प्लायवुडचं अंग, कुणाच्या तरी घरातून आलेला जुना टीव्ही, दोन भोंगे. तिथून ताडपत्रीत गुंडाळून मला बोटीने या बेटावर आणलं. शेजारी डुकरं बांधलेली होती, आणि वाटभर तीच गात होती.

मला आणलं तिक्योने. किनाऱ्यावर त्याचं आणि त्याची बायको कॉन्सिंग हिचं छोटं रिसॉर्ट होतं. रिसॉर्ट म्हणजे वाळूत उभ्या केलेल्या बांबूच्या खोपी, एक विहीर आणि एक चूल. सुट्टीच्या दिवशी आतल्या गावांतली कुटुंबं जीप भरभरून यायची. भाताची पातेली, भाजलेली कोंबडी, माशांची टोपली, सगळं घरून. एक खोप दिवसभरासाठी घ्यायची, डुंबायचं, जेवायचं आणि मग माझ्याभोवती जमायचं. आज्या गायच्या, जावई गायचे, न बोलणाऱ्या सुनाही गायच्या. तिक्यो तर गिऱ्हाइकांच्या हातातून माईक काढून घ्यायचा.

कॉन्सिंगने मात्र माईक कधी धरला नाही. ती चुलीपाशी माशांना वारा घालत बसायची. तिक्यो म्हणायचा, हिला जे सांगायचं असतं ते ही ताटात वाढते. ते खरंच होतं. तिच्या मनात राग असला की माशाचं शेपूट वाढायची.

तिक्यो गेला, तरी ती मला दर शनिवारी पुसत राहिली, खाऱ्या वाऱ्याने माझी बटणं गंजून अडकू नयेत म्हणून.

मग कुंपणापलीकडे ते हॉटेल उभं राहिलं. पांढऱ्या दगडाचं, समुद्राला लागून निळं पाणी भरलेल्या तलावाचं. सगळे म्हणायला लागले, आता मानांग कॉन्सिंगचं काही खरं नाही. मानांग म्हणजे थोरली बहीण. सारं गाव तिला तसंच हाक मारतं. पण पहिले काही महिने आमचं बरंच चाललं. रस्ता डांबरी झाला. पूर्वी संध्याकाळी वीज मलूल व्हायची आणि माझा सूर म्हातारा व्हायचा, तेही थांबलं. गावातली बरीच पोरं हॉटेलात लागली. माझ्याकडे रोज हजेरी लावणारा इस्को तिथे दारावर पहारेकरी झाला.

हॉटेलातले पाहुणे मला कुंपणाच्या फटीतून दिसायचे. एवढा खर्च करून यायचे आणि एकेकटे, पालथे पडून राहायचे. कुणाचा वाढदिवस असला तरी गाणं नाही. मला त्यांची काळजी वाटायची.

आणि एका सकाळी इस्को कडक गणवेशात, दोन्ही हातांवर काचेचा थाळा घेऊन आला. थाळ्यात मोठा केक. "मॅनेजर साहेबांनी पाठवलाय," एवढंच म्हणाला आणि उभाच राहिला. तिने काही विचारलं नाही, त्याने काही सांगितलं नाही.

तो गेल्यावर कॉन्सिंग त्या केकसमोर बसून राहिली. तिची मुलगी निंगनिंग म्हणाली, "खा ना, माय. फुकटचा आहे."

"सण नाही, वाढदिवस नाही. मग केक कशाचा?"

निंगनिंगचाही हात थांबला. आमच्याकडे तोंडावर तक्रार करायची पद्धत नाही. शेजाऱ्याचा कोंबडा फार आरवत असेल, तर आधी शेजाऱ्याकडे खाऊ जातो. शहाण्याने समजून घ्यायचं. दोघी मायलेकींनी एकदमच माझ्याकडे पाहिलं. आमच्याकडचा आरवणारा कोंबडा मीच.

त्याच दिवशी माझी वायर काढली. थाळा रिकामा परत करायचा नसतो, म्हणून कॉन्सिंगने त्यात केळीच्या पानात गुंडाळलेले चिकट भाताचे मुटके भरून पाठवले. तिच्या हिशेबी त्याचा अर्थ होता, समजलं, तुम्हाला पुन्हा त्रास होणार नाही.

मला मागच्या पडवीत ढकललं, वर जाळं टाकलं. जाळ्यातून मी समोरचं पाहत, ऐकत असे. जीप थांबायची. कुणीतरी विचारायचं, "मानांग, गाणं नाही?" निंगनिंग सांगायची, आता इथे शांतता असते, मोठ्या हॉटेलासारखी. तिने खोपींना पांढरा रंग दिला होता, बसायला गाद्या घातल्या होत्या. लोक गाद्यांकडे बघायचे, हातातल्या तेलकट पातेल्यांकडे बघायचे आणि संकोचून पुढच्या किनाऱ्याला निघून जायचे. ज्याला शांतता हवी तो कुंपणापलीकडे जायचा. तिथे ती चांगल्या प्रतीची मिळत होती. आमचं ना घर राहिलं ना घाट.

सुट्टीच्या दिवशीही चूल पेटेनाशी झाली, तेव्हा निंगनिंग म्हणाली, रिसॉर्ट विकून टाकू, तू माझ्याबरोबर सेबूला चल. कॉन्सिंग हो म्हणाली नाही आणि नाहीही म्हणाली नाही. रात्रीच्या ताटात मुलीला शेपूट मिळालं. पण दुसऱ्या दिवशी तिनेच भंगारवाल्याला बोलावलं. रिसॉर्ट जायचंच असेल तर आधी ही जाऊ दे, म्हणाली, हिच्यासमोर मला किल्ली देता यायची नाही.

भंगारवाल्याने मला गाडीवर चढवून दोर आवळला. कॉन्सिंगने शेवटचं एकदा फडकं फिरवलं. तेवढ्यात कुंपणाच्या फटीतून इस्को आत आला. त्या दिवशी त्याला सुट्टी होती. अंगात जुना बनियन होता. गाडीकडे बघून तो जागीच थांबला.

"मानांग, एवढा राग?"

"कसला राग?"

"आमच्यावर. साहेब रोज विचारतात, तुमची मानांग रागावली का. केक पाठवला त्याच दिवशी तुम्ही गाणं बंद केलंत."

"केक गाणं बंद करायलाच होता ना?"

इस्कोने डोक्यावर हात मारून घेतला. मग त्याने सगळं सांगितलं. हॉटेलात काम करणाऱ्यांना त्या किनाऱ्यावर बसायची परवानगी नाही, तो पाहुण्यांचा. आपापली बायकापोरं घेऊन महिन्यातून एकदा सहल करायची, ती इथेच, मानांगकडेच, असं सगळ्यांनी मागितलं होतं. मॅनेजरही बेटावरचाच माणूस, आग्नेय टोकाच्या गावचा. एकदम मागणं कसं घालायचं, म्हणून आधी केक. मग मुटके आले आणि गाणं थांबलं, तेव्हा तो समजला की गोड बोलून नकार मिळाला.

"मग तू त्या दिवशी तोंडाने का नाही बोललास, गाढवा?"

"तुम्ही विचाराल म्हणून उभा होतो की. पाय दुखले माझे."

कॉन्सिंग वाळूत बसली आणि हसायला लागली. हसता हसता तिचे डोळे भरले. मग भंगारवाल्याला म्हणाली, "दोर सोड, बाबा."

तो कुरकुरला, म्हणाला फुकट एवढं ओझं उचलायला लावलं. त्याला भरपाई म्हणून एक गाणं मिळालं. माझा जीव भांड्यात पडला. किंवा पेटीत म्हणा.

सहलीच्या दिवशी पातेली आली, पोरं आली, गाद्या गुंडाळून कोपऱ्यात गेल्या. मॅनेजर घाबरत घाबरत गायला. मी त्याला एकसष्ट दिले, तेही दयेने. लोक हसले, आणि तो त्यांच्यातला झाला. पुढचं गाणं कुणीतरी लावून ठेवलं होतं. सूर सुरू झाला, पण माईक घ्यायला कोणी उठेना. तेव्हा चुलीपाशी हात पुसून कॉन्सिंग उठली. इतक्या वर्षांत पहिल्यांदा तिने माईक धरला. गायली नाही. माझ्या सुरावरच ती सावकाश बोलली.

"साहेब, पुढल्या वेळी केक नको. काही हवं असेल तर या आणि सांगा. मीही सांगेन. हे रिसॉर्ट मी विकणार नाही, हे आधी माझ्या मुलीला सांगते."

निंगनिंगने मान खाली घातली, पण हसत होती.

मग सूर संपला आणि मार्क द्यायची वेळ आली. मी शंभर दिले. आजवर दिलेल्या सगळ्या मार्कांत एवढ्या एकाच मार्काची मला खात्री आहे.

आता मी पुन्हा समोर उभी आहे. एक भोंगा चिरकतो, पडद्यावरचा लाल रंग उडालाय. माझं तुमच्याकडे फार मागणं नाही. मनात काही असेल, तर शेजाऱ्याने ओळखावं म्हणून वाट बघू नका. माझ्याकडे या, एक नाणं टाका आणि माईक घ्या. सूर मी सांभाळते.