कायना म्हणजे काय

कोपऱ्यावरच्या पार्लरच्या मालकिणीला सगळी गल्ली मावशी म्हणायची. तिची भाची लहानपणी शाळा सुटली की केस धुवायच्या बेसिनशेजारी दप्तर टाकून बसायची आणि उठल्यासुटल्या "मावशी, मावशी" करायची. गिऱ्हाइकांनी ती हाक उचलली. भाची मोठी झाली, लग्न होऊन पुलापलीकडच्या नव्या वसाहतीत राहायला गेली, तरी मावशी सगळ्यांची मावशीच राहिली.

आता त्या भाचीला दिवस गेले होते आणि बाळाच्या नावावरून घरात धुसफूस चालू होती. जावई जाहिरातीच्या कंपनीत होता. साबणांना, बिस्किटांना नावं ठेवायचा त्याला पगार मिळत असे. घरच्यांच्या सूचनांना तो फुकट नावं ठेवायचा. मूल मुलगा असो की मुलगी, नाव दोन-तीन अक्षरी हवं, ओळखीत कुणाचं नको, जगात कुठेही उच्चारता आलं पाहिजे, आणि इंटरनेटवर त्या नावाचा पत्ता मोकळा असला पाहिजे. भाचीच्या आईने, म्हणजे मावशीच्या ताईने, मुलगी झाली तर आपल्या आईचं नाव ठेवा असं भीत भीत सुचवलं होतं. जावई म्हणाला, छान आहे आई, एकदम व्हिंटेज, आणि चार्जर शोधायला आत निघून गेला. ताईला शब्द कळला नाही, पण चार्जर कळला. त्या दिवसापासून तिने नावाचा विषय काढला नाही.

मावशीला याचा राग होता, पण ती राग चेहऱ्यावर दाखवणाऱ्यातली नव्हती. शिवाय पार्लरमध्ये रोज तेच ऐकून तिचे कान किटले होते. पोटुशी बायका यायच्या, आरशासमोर बसायच्या, आणि बोलणं नावावर यायचं. प्रत्येकीला सगळ्यांपेक्षा वेगळं नाव हवं असायचं, आणि ती सगळी वेगळी नावं एकाच साच्यातून काढल्यासारखी असायची. बागेत घसरगुंडीपाशी एका आईने पोराला हाक मारली तर चार पोरं वळून बघायची, असं दोरेवालीने एकदा सांगितलं होतं. दोरेवाली म्हणजे मावशीकडे भुवया कोरणारी बाई. ती दोऱ्याचं टोक दातात धरून काम करायची, त्यामुळे दिवसभरात तिला बोलायला फारसं मिळायचं नाही, आणि मिळालं की ती असं काहीतरी बोलायची.

तर एके दुपारी बँकेतली कॅशियर ड्रायरच्या टोपाखाली बसली होती. तिला नववा महिना लागला होता, आणि नाव सापडत नाही म्हणून ती रडकुंडीला आली होती. टोपाखालून ती मोठ्याने म्हणाली, "मावशी, तुम्हीच सुचवा ना एखादं."

मावशी कंगवा पुसत होती. साधंसं, हाक मारायला सोपं नाव ठेव, एवढंच तिला सांगायचं होतं. तिने सुरुवात केली, "काय ना, मला विचारशील तर..." पुढचं सगळं ड्रायरच्या आवाजात गेलं.

कॅशियरने टोप वर ढकलला. तिचे डोळे लकाकत होते. "कायना," ती म्हणाली. पुन्हा एकदा, हळू, चव घेतल्यासारखं, "कायना. किती गोड आहे. अर्थ काय हो याचा?"

खरं सांगून मोकळं होण्याचा क्षण तोच होता, आणि मावशीने तो जाऊ दिला. तिला ताईची आठवण झाली, चार्जरची झाली, आणि तिच्या जिभेवर सैतान बसला. ती गंभीर चेहऱ्याने म्हणाली, "दिवा मालवला की खोलीत क्षणभर उजेड रेंगाळतो ना, त्याला म्हणतात कायना. फार जुना शब्द आहे. आता कुणी वापरत नाही."

दोरेवालीच्या दातात दोरा होता, त्यामुळे तिला हसता आलं नाही. तिच्यासमोर बसलेल्या गिऱ्हाइकाची डावी भुवई मात्र त्या दिवशी उजवीपेक्षा जरा आखूड झाली.

मावशीला वाटलं होतं, बाई घरी जाईल, नवऱ्याला सांगेल, नवरा हसेल, संपलं. पण नवरा हसला नाही. कॅशियरला मुलगी झाली आणि तिचं नाव कायना ठेवलं. मग बँकेच्या वरच्या मजल्यावरच्या दातांच्या डॉक्टरीणबाईंनी आपल्या मुलीचं तेच ठेवलं, फक्त इंग्रजीत लिहिताना त्यात एक जादा वाय घातला. मग औषधांच्या दुकानदाराच्या सुनेने. पार्लरमध्ये बायका मावशीलाच त्या नावाची माहिती पुरवू लागल्या. एकीने सांगितलं की ही कुठल्याशा बेटावरच्या लोकांची भाषा आहे. दुसरी म्हणाली, छे, अर्थ आहे लहान नदी. मावशी मान डोलवायची, आणि बाई गेली की मागच्या खोलीत टॉवेलात तोंड खुपसून हसायची.

एक दिवस दोरेवालीने मोबाइल तिच्यापुढे धरला. बाळांच्या नावांच्या एका साइटवर कायना होती. अर्थ, दिवा मालवल्यावर रेंगाळणारा प्रकाश. स्वभाव, शांत पण जिद्दी. शुभ अंक चार. आपल्या थापेचा शुभ अंकही निघालेला बघून मावशीला आधी अभिमान वाटला, मग जरासं गार वाटलं. सोडलेलं पिल्लू केवढं झालं होतं. पण सांगायचं कुणाला, आणि आता सांगून करायचं काय, असं म्हणून ती मूग गिळून गप्प राहिली.

अशात भाची बाळंत झाली. मुलगी. नाव ठरलं होतं, पण जावयाने ते गुप्त ठेवलं होतं. रविवारी सगळ्यांना घरी बोलवून तो ते जाहीर करणार होता. मावशी भाचीच्या डोक्याला तेल लावायला तिच्या घरी गेली. बाळ पाळण्यात झोपलं होतं, ताई खाली बाजारात गेली होती, जावई बाहेरच्या खोलीत कानाला हेडफोन लावून काम करत होता. भाची मावशीच्या पुढ्यात जमिनीवर बसली, डोळे मिटून. तेल मुरायला लागलं तशी ती विरघळली. म्हणाली, फक्त तुला म्हणून सांगते, आईलासुद्धा बोलले नाहीये. त्याने किती महिने शोधलं, मग कुठे हे सापडलं. कुणाकुणाचं नाही असं.

"कायना," ती म्हणाली.

मावशीचे हात केसांतच थांबले.

भाचीला वाटलं मावशीला नाव आवडलं. ती अर्थ सांगायला लागली, तो दिव्याचा उजेड, ते त्याचं क्षणभर रेंगाळणं. परक्यांच्या पोरींची गंमत वेगळी. ही आपली. शेवटी तिने तेलाची वाटी बाजूला ठेवली आणि सगळं सांगून टाकलं, ड्रायरपासून शुभ अंकापर्यंत.

भाचीने मान खाली घातली. तिचे खांदे हलायला लागले तेव्हा मावशीला वाटलं रडते आहे. पण ती हसत होती. टाक्यांवर हात दाबून, तोंडातून आवाज न काढता, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसत होती. मग एकदम थांबली.

"मावशी," ती म्हणाली, "आई दिवसभर काय म्हणते?"

दोघींनी एकमेकींकडे पाहिलं. ताईचं एकही वाक्य 'काय ना' म्हटल्याशिवाय सुरू होत नसे. लहानपणापासूनची सवय, मावशीच्याही तोंडात ती ताईकडूनच आली होती. घड्याळाची टिकटिक घरच्यांना ऐकू येत नाही, तसं ते दोन शब्द आता कुणाला ऐकूच येत नव्हते.

जावयाला लगेच सांगितलं. त्याने हेडफोन काढले, शांतपणे ऐकून घेतलं आणि विश्वास ठेवला नाही. नाव त्याने इंग्रजी अक्षरांत वाचलं होतं, आणि ते तो शेवटच्या अक्षरावर जोर देऊन असं म्हणायचा, की तोंडात गरम बटाटा आहे असं वाटावं. त्याने मावशीला साइट दाखवली. मावशी म्हणाली, हे मीच बोलले होते, बेसिनपाशी उभी राहून. त्यावर तो अगदी मायेने तिला समजावू लागला, की तुम्ही ते आधी कुठेतरी ऐकलेलं असणार, तुमच्या मनात राहिलं असणार, असं होतं कधी कधी. आपली थाप आपल्यालाच कुणी इतकी पटवून देईल असं मावशीला कधी वाटलं नव्हतं. बोलता बोलता त्याने एवढंही सुचवलं, की आईंना स्वतःच्या पसंतीचं नाव हवं आहे म्हणून हे चाललं असेल तर तसं सरळ सांगा. मावशी चप्पल घालून घरी आली.

पण जावयाच्या कानात किडा शिरला होता. दुसऱ्या दिवशी त्याने हेडफोन लावले नाहीत. ताई बाळाला मांडीवर घेऊन बोलत होती. काय ना, हिला थंडी वाजत असेल. काय ना, तो पंखा जरा कमी करा. काय ना, डॉक्टर म्हणाले म्हणून काय सगळंच ऐकायचं नसतं. जावई लॅपटॉपसमोर बसून ऐकत राहिला. दुपारपर्यंत त्याचा चेहरा उतरला.

संध्याकाळी तो पार्लरमध्ये आला. तिथे पुरुषाने पाऊल टाकल्याचं कुणाला आठवत नव्हतं. तोंडाला लेप लावून बसलेली एक बाई पटकन आरशाकडे वळली, तर आरशातही तोच. रिकामी खुर्ची एकच होती, ड्रायरखालची. तो त्या टोपाखाली अंग चोरून बसला, आणि मावशीला वाटलं, आता हा भांडणार.

तो भांडला नाही. म्हणाला, काल मी जे बोललो ते चुकलं. मग फक्त तिला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला, "मावशी, खरं सांगू? कंपनीत आम्ही पण असंच करतो. नाव आधी सुचतं. अर्थ नंतर लावतो."

मावशीने त्याला पाणी दिलं. त्याने एका घोटात संपवलं आणि विचारलं, दुसरं एखादं सुचतं का. दोरेवालीने दातातला दोरा काढून मावशीकडे पाहिलं. मावशी तोंड उघडणार होती, पण कुठल्या शब्दांनी सुरुवात होईल याचा नेम नव्हता, म्हणून तिने नुसती मान हलवली.

दुसरं नाव भाचीनेच शोधू दिलं नाही. ती म्हणाली, आता मला हेच हवं. लोकांच्या कायना साइटवरून आल्यात, आपली माझ्या आईच्या तोंडातून आली आहे. घरातलं नाव ठेवा म्हणून आईचा जीव तुटत होता ना, मग याहून घरातलं कुठून आणायचं. जावयाने थोडा वेळ विचार केला. शेजारच्याच इमारतीत एक कायना निघाली तर, असं पुटपुटला. निघू दे, भाची म्हणाली. तो हो म्हणाला.

रविवारी सगळे जमले. जावयाने नाव जाहीर केलं, तेही जोर वगैरे न देता, साधं. आणि ते कुठून आलं हे भाचीने सगळ्यांसमोर सांगून टाकलं. लोक हसून लोळायचे बाकी राहिले. ताई मात्र गोंधळली होती. ती सगळ्यांकडे आळीपाळीने बघत म्हणाली, "मी कुठे म्हणते असं? काय ना, तुम्ही उगाच..."

पुढचं कुणाला ऐकू आलं नाही.

त्या दिवसानंतर ताई सावध झाली. नातीचं नाव असं येता-जाता घ्यायचं म्हणजे तिला बरं वाटेना, आणि जावयानेही एकदा अदबीने सुचवलं होतं, की बाळाला आपलं नाव कळायला लागेल तेव्हा तिचा घोळ व्हायला नको. मग ताईने ते दोन शब्द सोडायचं ठरवलं. पण ते सोडले की पुढचं वाक्यच निघेना. ती तोंड उघडायची, थांबायची, आणि मिटून घ्यायची. पंखा भरभर फिरत राहिला तरी बोलेना. खिचडीत मीठ राहिलं तरी बोलेना. घर इतकं शांत झालं की बाळ दचकून उठायला लागलं. भाचीने मावशीला फोन करून सांगितलं, आई आजारी तर नाही ना असं सगळे विचारताहेत.

शेवटी जावईच ताईच्या पुढ्यात जाऊन बसला. म्हणाला, "आई, बोला तुम्ही. घोळ झाला तर होऊ दे."

ताईने त्याच्याकडे नीट पाहिलं, तो खरंच म्हणतोय याची खात्री करून घेतली. मग पदर सावरून बसली.

"काय ना," ती म्हणाली, आणि इतक्या दिवसांत त्याच्या वागण्यातलं तिला जे जे खटकलं होतं, ते एकेक करून सांगायला लागली. चार्जरपासून.